कुंडीतली अमॅरिलिस: फुलाइतकीच पानांची निगा

होळीच्या सुमारास रोपवाटिकेत अमॅरिलिसची फुललेली कुंडी दिसली की ती घरी आणण्याचा मोह आवरत नाही. हातभर उंचीचा हिरवा, पोकळ दांडा आणि त्याच्या टोकाशी चारी दिशांना तोंडे करून उमललेली वीतभर रुंदीची लाल, गुलाबी किंवा पांढरी फुले, असे तिचे रूप असते. दुसऱ्या वर्षी मात्र त्याच कुंडीत नुसती पाने येतात, तिसऱ्या वर्षी पानेही बारीक होतात आणि अखेर ‘आपल्या हवेत ही लिली टिकत नाही’ असे म्हणून कुंडी रिकामी केली जाते. हा दोष हवेवर ढकलणे मला मान्य नाही. महाराष्ट्राचे हवामान, म्हणजे चार महिन्यांचा पाऊस, त्यामागून येणारा कोरडा हिवाळा आणि मग वाढत जाणारे ऊन, या वनस्पतीच्या वर्षक्रमाशी फार चांगले जुळते. चूक होते ती फूल गळल्यानंतर. त्या वेळी आपण कुंडीकडे पाहणे सोडून देतो आणि पुढच्या वर्षीच्या फुलाची तयारी तर तेव्हाच सुरू होत असते.

लागवडीकडे वळण्यापूर्वी नावाचा घोळ समजून घेतलेला बरा, कारण त्यातून पुष्कळदा चुकीचे सल्ले गळ्यात पडतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये ‘अमॅरिलिस’ हे नाव दिले. आज ते दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील एका वनस्पतीसाठी वापरले जाते. तिचा फुलदांडा भरीव असतो आणि तो पाने नसताना वर येतो. आपण कुंडीत लावतो ती दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या भागांतली वनस्पती असून तिचा दांडा पोकळ असतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट यांनी १८२१ मध्ये या दुसऱ्या गटाला ‘हिप्पिअॅस्ट्रम’ असे स्वतंत्र नाव दिले. त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ वाद चालू राहिला आणि १९८७ साली बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘अमॅरिलिस’ हे शास्त्रीय नाव आफ्रिकेतल्या वनस्पतीकडेच राहील असे ठरले. बाजारात मात्र जुनेच नाव रुळले आहे आणि या लेखातही मी तेच वापरले आहे. वाचकाने एवढेच लक्षात ठेवावे की केपमधल्या अमॅरिलिसला पाऊस हिवाळ्यात लागतो, तर आपल्या कुंडीतल्या अमॅरिलिसला हिवाळा कोरडा लागतो. एकीची निगा दुसरीला लावली तर कंद हमखास कुजतो.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या कडेने, शेंदरी रंगाची आणि घशाशी हिरवट-पांढरी चांदणी असलेली एक लिली ऐन उन्हाळ्यात फुलते. तीही याच गटातली आहे. कोणी मुद्दाम खतपाणी न करता ती वर्षानुवर्षे फुलते, पिल्ले (कंदाच्या बाजूला फुटणारे छोटे कंद) घालते आणि शेजारीपाजारी वाटली जाते. ज्यांना पहिल्यांदाच अमॅरिलिस लावायची आहे त्यांनी मोठ्या फुलांच्या महागड्या जातींआधी या जुन्या लिलीचे दोन कंद कोणाकडून तरी मागून आणावेत, असे मी आग्रहाने सुचवीन. वनस्पतीची लय तिच्याकडून शिकता येते.

कंदाच्या आत काय चाललेले असते

अमॅरिलिसचा कंद आडवा कापला तर कांद्यासारखेच एकाआड एक थर दिसतात. कांदा, लसूण, सुदर्शन आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर फुलणारी रेन लिली ही सगळी तिचीच कुळभावंडे आहेत. प्रत्येक थर म्हणजे एका पानाचा बुडखा असतो. पान हिरवे असताना उन्हातून अन्न तयार करते, ते खाली बुडख्यात साठते, पान वाळून जाते आणि भरलेला बुडखा कंदाचा थर होऊन मागे उरतो. वाढत्या कंदात साधारणपणे दर चार पानांमागे एक फुलदांड्याची कळी तयार होते आणि ती कळी कंदाच्या आत हळूहळू मोठी होत सुमारे वर्षभराने बाहेर पडते. म्हणजे येत्या मार्चमध्ये जो दांडा वर येईल, त्याचा अंकुर गेल्या वर्षी पाने वाढत असतानाच धरलेला असतो.

एवढे ध्यानात आले की पुढची सगळी निगा पाठ करावी लागत नाही. वर्षभरात कंदाला आठ निरोगी पाने आली तर दोन दांड्यांची आशा धरता येते. चारच आली तर एका दांड्याची. आणि तीही अळीने खाल्ली किंवा सावलीत लांबुळकी होऊन लोळली तर धरलेला अंकुर आतल्या आत सुकून जातो. मी पावसाळ्यात प्रत्येक कुंडीची पाने मोजून एका वहीत लिहून ठेवतो. फुलांचा अंदाज त्या वहीवरून पुष्कळ वेळा खरा ठरतो.

कंद, कुंडी आणि माती

आपल्याकडे कंद मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात विक्रीला येतात. त्यांत कालिम्पोंगकडून येणारे कंद असतात आणि हॉलंडहून आयात केलेलेही असतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला जाणे झाले, तर तिथल्या विक्रेत्यांकडे चौकशी करून पाहावी. कंद हातात घेऊन निवडता आला तर उत्तमच. तो वजनाला जड आणि अंगठ्याने दाबल्यावर सर्व बाजूंनी टणक लागला पाहिजे. बुडाची चकती, म्हणजे जिथून मुळे फुटतात ती जागा, कोरडी आणि अखंड असावी. मानेजवळ, म्हणजे पाने फुटतात त्या वरच्या निमुळत्या टोकाशी, मऊपणा किंवा काळपट ओल दिसली तर तो कंद कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आकाराचा हिशेब घेरावर करतात. सुतळीने मापून पाहावे: मोठ्या फुलांच्या जातींचा कंद चोवीस सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक घेराचा असेल तर तो पहिल्याच वर्षी फुलण्याचा भरवसा धरता येतो, आणि तिशीच्या पुढच्या घेराचा कंद बहुधा दोन दांडे देतो. छोटा कंद वाईट नसतो, त्याच्यासाठी एकदोन वर्षे थांबण्याची तयारी मात्र हवी.

जातींमध्ये गडद लाल ‘रेड लायन’, पांढऱ्यावर फिकट गुलाबी छटा असलेली ‘अॅपल ब्लॉसम’ आणि लाल पाकळ्यांत पांढऱ्या पट्ट्यांची ‘मिनर्व्हा’ या नवशिक्यांसाठी विश्वासाच्या आहेत. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना सामानातून कंद आणायला सांगण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. आपल्या देशात रोपे व कंद आणण्यासाठी आयात परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यामागचे कारण रास्त आहे. कंदातून येणारे विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत.

कुंडी कंदापेक्षा फार मोठी घेऊ नये. कंद मधोमध ठेवल्यावर चहूबाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटांची जागा उरली की पुरे. मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत तिथली माती ओली राहते आणि त्या ओलीतूनच कूज सुरू होते. खोली मात्र वीस सेंटीमीटर तरी हवी, कारण मुळे जाड आणि लांब असतात. मातीची कुंडी मला प्लॅस्टिकपेक्षा बरी वाटते; ती पाणी शोषते आणि वजनदार असल्यामुळे फुललेल्या दांड्याच्या भाराने कलंडत नाही.

मातीच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. शेतातली काळी माती कितीही सुपीक असली तरी ती या कुंडीत घालू नये. सुरुवातीच्या वर्षांत मी काळ्या मातीत लावलेले सहा कंद एकाच पावसाळ्यात कुजले आणि बाहेर काढले तेव्हा त्यांच्या बुडाशी नुसता चिखल होता. दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, हे प्रमाण चांगले चालते. त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचे खत मिसळावे. हाडांचे खत नको असेल तर त्याशिवायही चालते. गांडूळखत थोडे वाढवावे. कोकोपीट घालायचे झाल्यास अर्ध्या भागापेक्षा जास्त नको, कारण वरून कोरडे दिसले तरी ते आत ओल धरून ठेवते. मिश्रण भरल्यावर कुंडीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते वर साचून न राहता लगेच खालच्या भोकातून बाहेर आले पाहिजे.

लावणी आणि फुलण्याचा काळ

लावण्याची उत्तम वेळ मकरसंक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतची. कंदाची वाळलेली, सुटी झालेली साले काढावीत, परंतु बुडाशी असलेली जाड, पांढरट मुळे जिवंत असतात, ती छाटू नयेत. कुजलेला भाग दिसला तर स्वच्छ सुरीने पांढरा गर लागेपर्यंत कापावा, त्यावर हळदपूड किंवा बुरशीनाशकाची भुकटी लावावी आणि दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मगच कंद लावावा. लावताना मुळे खाली पसरवावीत आणि कंदाचा वरचा तिसरा भाग मातीच्या बाहेर राहील अशा बेताने भोवती माती दाबावी. कांदा पुरतो तसा तो पूर्ण पुरण्याची इच्छा होते, पण मान मातीत गेली की पाणी पानांच्या बेचक्यात उतरते आणि कंद वरून कुजायला लागतो.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि त्यानंतर हिरवे टोक दिसेपर्यंत हात आखडता घ्यावा. आठवड्यातून एकदा थोडेसे पाणी पुरे. या काळात मुळे नसलेल्या किंवा अर्धवट असलेल्या कंदाला पाणी शोषता येत नाही, आणि घरोघरी सर्वाधिक कंद याच पंधरवड्यांत अतिपाण्याने दगावतात. टोक दिसल्यावर ते पानाचे आहे की कळीचे, हे ओळखणे सोपे आहे. पानाचे टोक पातळ आणि चपटे असते. कळीचे टोक जाडसर, चोचीसारखे असते आणि बहुधा मानेच्या मध्यातून न येता एका बाजूने वर सरकते. कळी दिसली की कुंडी सकाळचे तीन-चार तास ऊन मिळेल अशा जागी ठेवावी, पाणी वाढवावे आणि दर दोन-तीन दिवसांनी कुंडी थोडी फिरवावी, म्हणजे दांडा उजेडाकडे वाकत नाही. लावल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फुले येतात, काही जातींना त्याहून अधिक वेळ लागतो. गच्चीवर वारा असेल तर दांड्याला कामटीचा आधार द्यावा. कामटी कंदात घुसणार नाही याची काळजी घ्यावी.

पहिले फूल उमलले की कुंडी दुपारच्या उन्हातून हलवावी. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिलचे ऊन पाकळ्या एका दिवसात करपवते; तिथे खिडकीतला उजेड किंवा हिरव्या जाळीची सावलीच योग्य. फुलांच्या मधले परागकोश पिवळी पूड सोडण्याआधी चिमट्याने काढून टाकले तर पाकळ्यांवर डाग पडत नाहीत आणि फूलही थोडे अधिक टिकते. फुलदाणीत ठेवायचे असेल तर कळ्यांवर रंग चढला पण त्या मिटलेल्याच आहेत अशा अवस्थेत दांडा कापावा. तो पोकळ असल्यामुळे उलटा धरून त्यात पाणी भरता येते आणि तोंडाशी कापसाचा बोळा बसवून तो फुलदाणीत उभा करता येतो. कापलेले टोक पाण्यात चिरून बाहेरच्या बाजूला वळते, म्हणून त्याभोवती चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. दांडा कापल्याने कंदाचे फारसे नुकसान होत नाही. पाने कापल्याने मात्र फार होते.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगते मूल असेल तर या वनस्पतीचे सर्व भाग, विशेषतः कंद, पोटात जाता कामा नयेत. त्यात लायकोरिन नावाचे द्रव्य असते आणि त्याने उलट्या होतात. काढून ठेवलेले कंद स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीजवळ तर कधीच ठेवू नयेत. साल निघालेला लहान कंद पाहताना कोणालाही कांदाच वाटेल.

फूल गळल्यानंतर: खरी मेहनत

फुले सुकली की ती देठाशी खुडून टाकावीत, म्हणजे बी धरण्यात शक्ती खर्च होत नाही. हिरवा दांडा मात्र लगेच कापू नये. तोही हिरवा असेतोवर अन्न तयार करतो. पिवळा पडला की कंदापासून दोन बोटे वर कापावा.

यानंतर पाने जोमाने येतात. आता त्यांना द्यायचे ते तीनच गोष्टींचे पाठबळ: ऊन, खत आणि पाण्याचा निचरा. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हातून वाचवावे, पण जूनपासून कुंडी शक्य तितक्या उघड्यावर ठेवावी. ढगाळ दिवसांतला उजेड पानांना पुरेसा असतो आणि बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलेल्या कुंडीची पाने लांब, मऊ आणि लोळणारी होतात. कोकणात आणि मावळात, जिथे पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही, तिथे कुंड्या पागोळ्यांच्या आत पण उजेडाच्या बाजूला ठेवाव्यात, आणि त्या विटांवर उचलून घ्याव्यात. खाली थाळी ठेवलेली असेल तर पावसाळ्यापुरती काढून टाकावी.

खताला कंजुषी करू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरमागे एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे, किंवा रासायनिक खत नको असल्यास दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत कुंडीच्या कडेने घालावे. सप्टेंबर उजाडला की नत्र थांबवावे आणि पालाशावर भर द्यावा. ०:०:५० हे फक्त पालाशाचे खत लिटरमागे एक ग्रॅम याप्रमाणे दोन-तीन वेळा दिले की कंद भरतो. नत्राचे खत दिवाळीपर्यंत चालू ठेवले तर पाने हिरवीगार दिसतात, मनाला समाधान मिळते, पण कंद विश्रांतीला जात नाही.

याच काळात या लिलीचा सर्वांत मोठा शत्रू येतो. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि नारिंगी-लालसर डाग असलेली अळी पानांवर दिसू लागते. तिचा पतंग लाल, पिवळ्या आणि काळ्या नक्षीचा, दिसायला अतिशय देखणा असतो. शास्त्रीय भाषेत त्याला पॉलिटेला ग्लोरिओसी म्हणतात. हे नाव त्याला कळलावीवरून मिळाले आहे, कारण रानात तो कळलावीवर वाढतो. मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी पुंजक्याने घालते. बाहेर पडलेल्या अळ्या आधी एकत्र राहून पान खरवडतात, मग पांगतात आणि चार-पाच दिवसांत कुंडीतली सगळी पाने मानेपर्यंत संपवतात, तेवढ्यावर न थांबता कंदाच्या मानेतही शिरतात. वर सांगितलेला पानांचा हिशेब आठवावा: जुलैतल्या चार दिवसांच्या दुर्लक्षाने पुढच्या मार्चचे फूल जाते.

उपाय औषधापेक्षा नजरेचा आहे. जून ते ऑक्टोबर दर दोन दिवसांनी पाने उलटून पाहावीत. अंड्यांचा पुंजका किंवा एकत्र बसलेल्या बारीक अळ्या दिसल्या तर तेवढा पानाचा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा. मोठ्या अळ्या हाताने वेचाव्यात. प्रादुर्भाव फार असेल तर संध्याकाळी निंबोळी तेल पाच मिलिलिटर आणि थोडा द्रव साबण लिटरभर पाण्यात ढवळून फवारावे, किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक औषध वापरावे. ते अळी लहान असतानाच चांगले लागू पडते. अळी कोषात जाण्यासाठी मातीत उतरते, म्हणून हल्ला झालेल्या कुंडीची वरची माती उकरून पाहावी. पावसाळी रात्री गोगलगायीही येतात. त्या विजेरीच्या उजेडात वेचणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुसरी अडचण म्हणजे तांबेरल्यासारखे दिसणारे लाल चट्टे. पान, दांडा किंवा कंदाच्या सालीवर लाल रेघा उमटतात, तिथे खाच पडते आणि दांडा त्या जागी वाकतो. हा बुरशीचा रोग आहे आणि तो मानेवर साचलेल्या पाण्यातून वाढतो. चट्टे असलेली पाने काढून जाळावीत, पाणी वरून न घालता कुंडीच्या कडेने घालावे आणि पाऊस उघडला असताना ताम्रयुक्त बुरशीनाशक, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरमागे अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारावे. काही जातींच्या पानांच्या कडा आणि दांड्याचे बूड मुळातच तांबूस असते, तो रोग नव्हे. खाच नसेल आणि रंग एकसारखा असेल तर काळजी करू नये. पानांवर फिकट हिरव्या-पिवळ्या रेघांची जाळी दिसली आणि खत देऊनही ती गेली नाही तर विषाणूची शंका घ्यावी. त्याला औषध नाही. असा कंद इतरांपासून लगेच वेगळा करावा आणि मनाला कितीही लागले तरी टाकून द्यावा. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात आणि कोरड्या सालींखाली लपतात. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ते पुसून काढावेत.

विश्रांती

दसऱ्यानंतर पाणी हळूहळू कमी करत जावे आणि दिवाळी उलटली की बंद करावे. पाने पिवळी पडून आपोआप वाळतील. ओढून काढू नयेत. कुंडी पावसाचा अवकाळी शिडकावा लागणार नाही अशा कोरड्या, सावलीच्या जागी आडवी ठेवली तरी चालते. कंद बाहेर काढण्याची गरज नाही, मुळे दुखावत नाहीत तेच बरे. ही झोप आठ ते दहा आठवड्यांची असावी. नाशिक, पुणे, महाबळेश्वर अशा गार गावांत ती सहज साधते. मुंबईकरांना वाटते की थंडी नाही म्हणून आपल्याकडे फूल येत नाही. वास्तविक या कंदाला झोपवतो तो कोरडेपणा. थंडीची मदत होते, कळ्या एकाच वेळी वर येतात, पण तिच्यावाचून अडत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत काही कंद पाने टाकतच नाहीत. त्यांची हिरवी पाने सक्तीने कापण्यापेक्षा दीड-दोन महिने पाणी तोडणे पुरेसे होते. फुलपाखरासारख्या फुलांची ‘पापिलिओ’ ही ब्राझीलमधली जाती तर सदाहरित असते; तिला पूर्ण कोरडे करू नये, केवळ पाणी कमी करावे.

संक्रांतीनंतर वरची दोन बोटे माती काढून तिथे ताजे शेणखत-मातीचे मिश्रण भरावे (शेणखत जुने, कुजलेलेच), कुंडी उजेडात आणावी आणि एकदा पाणी द्यावे. पुढचे सारे पहिल्या वर्षाप्रमाणेच.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हाच कंद नाताळच्या सुमारास खोक्यात मिळतो. त्यांच्याकडे क्रम उलटा करावा लागतो: फुले हिवाळ्यात घरात, पाने उन्हाळ्यात अंगणात, आणि हिमतुषार पडण्याआधी, साधारण सप्टेंबरमध्ये, कुंडी घरातल्या गार, अंधाऱ्या जागी. मेणात बुडवून विकतात ते कंद शोभेपुरते असतात; त्यांची बुडाची चकती बहुधा कापलेली असते, त्यामुळे त्यांच्याकडून दुसऱ्या वर्षीची अपेक्षा ठेवू नये.

फूल न आल्यास

एखादे वर्ष फुलाविना गेले तर एकदम खत वाढवू नये; आधी कारण शोधावे. पाने चारपेक्षा कमी होती का, कुंडीला थेट ऊन मिळाले होते का, कंदाची मान मातीत बुडाली आहे का, आणि पिल्लांनी कुंडी इतकी भरली आहे का की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच अन्न येते, एवढे पाहिले की बहुतेक वेळा उत्तर सापडते. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा दोष सावलीचा निघाला आहे. शहरातल्या बाल्कन्यांत ज्या जागा आपल्याला लख्ख उजेडाच्या वाटतात तिथे पानांच्या दृष्टीने अंधारच असतो. कुंडी वर्षभर दिवाणखान्यात ठेवायची असेल तर अमॅरिलिसऐवजी दुसरे झाड निवडावे.

कंद वाढवणे

दर दोन-तीन वर्षांनी, विश्रांती संपताना, कुंडी उलटी करून गोळा बाहेर काढावा. मूळ कंदाला चिकटलेली पिल्ले त्याच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी आणि स्वतःची मुळे असलेली असतील तरच सुटी करावीत. त्याहून लहान पिल्ले आईजवळच चांगली वाढतात. सुटी केलेली पिल्ले तीन-चार एका पसरट कुंडीत लावावीत. जातीप्रमाणे दोन ते तीन वर्षांत ती फुलतात आणि फुले हुबेहूब मूळ झाडासारखी येतात.

बियांपासून वाढवण्याची गोष्ट वेगळी आहे आणि ज्याच्याजवळ धीर आहे त्याने ती एकदा तरी करून पाहावी. १७९९ साली इंग्लंडमध्ये लँकाशरमधल्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने दोन जातींचा संकर करून या गटातली पहिली संकरित अमॅरिलिस तयार केली. लाल पाकळ्यांवर पांढरे पट्टे असलेली ती लिली आजही जगभरच्या बागांत आहे, आणि त्याने जे केले ते आपल्या गच्चीवरही करता येते. एका फुलाचे परागकोश ते पिकण्याआधीच काढून टाकावेत. दुसऱ्या, वेगळ्या रंगाच्या फुलाचे पराग त्याच्या जायांगाच्या टोकावर, ते तीन भागांत उलगडून चिकट झाल्यावर, कुंचल्याने लावावेत आणि दांड्याला दोरा बांधून त्यावर तारीख लिहावी. धरलेली बोंडे पाच-सहा आठवड्यांत पिवळी होऊन तडकतात. आत कागदासारखे पातळ, काळे, एकावर एक रचलेले बी असते. ते साठवून ठेवू नये. चार दिवस सावलीत सुकवून लगेच पेरावे, किंवा पसरट भांड्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवावे. मधोमध फुगीर असलेले बी दोन-तीन आठवड्यांत मूळ सोडते आणि मग ते अलगद मातीत ठेवता येते. रोपांना पहिली दोन वर्षे विश्रांती द्यायची नसते, हिवाळ्यातही पाणी चालू ठेवावे, म्हणजे कंद लवकर जाडी धरतो. पहिले फूल यायला तीन वर्षे तरी लागतात, कधी चारही लागतात, आणि एकाच बोंडातल्या बियांची फुले एकमेकांहून निराळी निघतात. म्हणून प्रत्येक रोपाच्या कुंडीत आईबापांची नावे लिहिलेली पट्टी सुरुवातीपासूनच खोचून ठेवावी.